अंग सैल सोडा

डोक्यावर साबणाचा फेस तसाच असताना पपांनी मान वर केली आणि विचारलं, "माझा बाप्तिस्मा झालाय का गं?" तिच्या हातातला शॉवर तिरका झाला आणि पाणी भिंतीवर उडत राहिलं. त्यांच्या आवाजात काळजी नव्हती. दूध आलं का, पेपर आला का, असं विचारावं तसं त्यांनी विचारलं होतं, म्हणून तिला आधी हसूच आलं. उभं आयुष्य ज्यांनी दुसऱ्यांना बाप्तिस्मा देण्यात घालवलं, चर्चच्या व्यासपीठाखालच्या कुंडात कमरेइतक्या पाण्यात उभं राहून ज्यांनी शेकडो माणसांना पाठीवर निजवत पाण्याखाली नेलं आणि वर आणलं, त्या पाळकांनी हे विचारायचं म्हणजे पोहायला शिकवणाऱ्याने आपल्याला पोहता येतं का हे दुसऱ्याला विचारण्यासारखं होतं. "झालाय की पपा," ती म्हणाली, "तुमचा नाही तर कुणाचा होणार?" फेस डोळ्यांत उतरत होता, पण त्यांनी डोळे मिटले नाहीत. "तू होतीस तिथे?" त्यांनी विचारलं. ती कुठली असायला? तिचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. "नाही," ती म्हणाली. "मग तुला काय माहीत," असं म्हणून ते पुन्हा मान खाली घालून शहाण्या मुलासारखे बसले. तिने पाणी सोडलं. फेस टबाच्या तळाशी गोल गोल फिरत जाळीतून गेला, आणि तिला वाटलं, हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

विसरणं घरात नवीन नव्हतं. शर्टाची बटणं, घराची गल्ली, सकाळ आहे की संध्याकाळ, हे एकेक करून गेलं होतं. आई गेल्याचं ते विसरले तेव्हा तिने ते विसरू दिलं होतं, कारण दर वेळी नव्याने सांगायचं म्हणजे दर वेळी त्यांना नव्याने रडवायचं. ती बाजारात गेलीय, एवढं म्हटलं की भागत असे. पण बाप्तिस्म्याचं हे गेलं ते जाताना भीती मागे ठेवून गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं. मग जेवताना, मग बूट घालताना, मग मध्येच खिडकीशी उभं राहून, आणि दर वेळी आवाज थोडा आणखी खाली गेलेला. तिने कपाटातून बाप्तिस्म्याचा दाखला काढून दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला आणि परत दिला. "भला माणूस दिसतो," ते म्हणाले, "पण माझी ओळख नाही." एकदा दुकानातून दमून आली असताना तिने सरळ ठोकून दिलं, "हो पपा, होते मी तिथे." ते पुढे झुकले. किती वर्षांची होतीस? लहान होते. माझं लग्न झालं होतं? नव्हतं. चष्म्याच्या वरून त्यांनी तिच्याकडे पाहिलं, रविवारच्या शाळेत उशिरा आलेल्या पोरांकडे पाहायचे तसं, आणि म्हणाले, "मनी, खोटं कशाला बोलतेस?" सगळं विसरले, खोटं पकडायचं तेवढं विसरले नव्हते. मनी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी आंघोळीची वेळ झाली की ती पलंगाखाली शिरायची, म्हणून मांजरीचं नाव तिला चिकटलं ते चिकटलंच.

चष्म्याच्या दुकानात मागच्या अंधाऱ्या खोलीत बसून ती लोकांचे डोळे तपासायची. गिऱ्हाइकाच्या नाकावर जड चौकट चढवायची, भिंगं बदलत विचारायचं, हे बरं की हे? आता की आधी? या कामात माणूस पहिली गोष्ट शिकतो ती ही की लोक खोटं बोलतात. बाहेर बाकावर बसल्या बसल्या शेवटची ओळ पाठ करून येतात, किंवा तिला वाईट वाटू नये म्हणून, हो हो, अगदी स्वच्छ, असं म्हणतात आणि चुकीचा चष्मा लावून पायऱ्यांवर अडखळतात. तिला आवडायचे ते, 'कळत नाही' म्हणणारे. त्यांच्यासाठी काहीतरी करता यायचं. त्या दिवसांत मात्र भिंगं बदलताना तिचं लक्ष लागत नसे. एक बाई तिसऱ्यांदा म्हणाली, "ताई, दोन्ही सारखंच दिसतंय हो," तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण तेच भिंग काढून तेच पुन्हा बसवतो आहोत. तिला वाटायचं, आपण धड विश्वासणारे असतो तर पपांना म्हटलं असतं, देवाला ठाऊक आहे ना, मग झालं. धड नास्तिक असतो तर वाटेल ते खोटं बेधडक सांगितलं असतं आणि जरा नीट सांगितलं असतं. ती ना इकडची होती ना तिकडची, आणि अशा माणसाला आजाऱ्याच्या उशाशी काही म्हणजे काही करता येत नाही.

करता येण्यासारखं एकच होतं, ती नदीची गोष्ट. पपांनीच व्यासपीठावरून इतक्यांदा सांगितलेली की सगळ्या मंडळीला पाठ होती. त्यांच्या चर्चमध्ये तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नसत. ज्याला कळू लागलं आहे त्याने स्वतःच्या तोंडाने मागायचा, अख्खं पाण्याखाली जायचं, आणि तेही एकदाच. पपांनी तो मागितला तेव्हा चर्चला कुंडसुद्धा नव्हतं. थंडीचे दिवस, नदीचं पाणी हाडापर्यंत जाणारं, बाप्तिस्मा देणारे पाळक जाडजूड आणि धापा टाकणारे. पपांच्या एका पायातली चप्पल सुटून वाहत गेली आणि पाळक बाप्तिस्म्याची वाक्यं म्हणायचं सोडून तिच्याकडे बघत राहिले, इथे मंडळी हमखास हसायची. काठावर त्यांची आई कोरडा शर्ट छातीशी धरून उभी होती. तिला हे सगळं पसंत नव्हतं. ती म्हणाली होती, "मी तुला अडवायला आले नाही. तुला सर्दी होऊ नये म्हणून आलेय." मनी रोज सकाळी पपांच्या पाठीवर पाणी सोडताना ही गोष्ट सांगायची. ते मन लावून ऐकायचे, चपलेला हसायचे, आईपाशी गप्प व्हायचे. "मग? पुढे काय झालं त्या मुलाचं?" ते विचारायचे. "तो मुलगा तुम्हीच, पपा." "छे गं," ते म्हणायचे, "माझ्यासाठी असं कोण शर्ट घेऊन उभं राहणार?" हळूहळू तिलाही कळेनासं झालं की शर्ट पपांनी सांगितला होता की तिनेच कधीतरी आजीच्या हातात दिला होता. जे नदीवर होते ते सगळे केव्हाच गेले होते. उरली होती ती, ऐकीव गोष्टीवर उभी, आणि पपांना ऐकीव नको होतं.

म्हणून तिने धाकट्या पाळकांना बोलावलं. धाकटे म्हणजे तेही आता केस पांढरे झालेले, पण पपांच्या हाताखाली तयार झाले म्हणून अजून धाकटेच. चहा झाला. स्वयंपाकघरात तिने हलक्या आवाजात विचारलं, "एकदा पुन्हा देऊन टाकाल का त्यांना? नुसता देखावा म्हणून. मी कुणाला सांगणार नाही." पाळकांनी कप बशीत ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. "ताई, सरांनीच शिकवलंय मला. बाप्तिस्मा म्हणजे आंघोळ नव्हे, मळ काढायला साबण आहे. पाण्याखाली जातो तो मरतो आणि ख्रिस्ताबरोबर उठतो. माणूस दोनदा मरत नाही. दुसऱ्यांदा द्यायचा म्हणजे पहिला खोटा म्हणायचा." मग आवाज उतरवून म्हणाले, "आणि समजा दिला. संध्याकाळी विसरले तर? उद्या पुन्हा देऊ? परवा?" तिला भरपूर राग आला, शिकवणारा खोलीत असा बसलेला आणि शिकवलेलं असं ताठ उभं. बाहेर आल्यावर पाळकांनी पपांचा हात हातात घेऊन प्रार्थना केली. पपांनी व्यवस्थित आमेन म्हटलं आणि पाहुण्याला विचारावं तसं विचारलं, "तुमचा झालाय का हो बाप्तिस्मा?" "झालाय सर. तुम्हीच दिलात." पपांनी हात काढून घेतला. "मी?" ते म्हणाले. "माझाच झालेला नसताना मी तुम्हाला कसा देईन?"

बरोबर उत्तर पाळकांना माहीत असणार, देणाऱ्या माणसावर काही अवलंबून नसतं वगैरे, त्यांनी ते सांगितलंही, पण जिना उतरताना त्यांचा हात कठड्यावर घट्ट होता हे तिने पाहिलं. आणि पपांच्या मनात जे एका जागी बसून होतं ते आता चहूकडे पसरलं. आधी भीती स्वतःपुरती होती. आता त्यांना माणसं आठवू लागली. नावं नाहीत, पण चेहरे, ओले, डोळे मिटलेले, त्यांच्या हातावर विसावलेले. ती दुकानात असताना शेजारच्या काकू त्यांच्यापाशी बसायच्या. एका संध्याकाळी ती घरी आली तर काकू दाराला पाठ लावून उभ्या आणि पपा उलटसुलट बूट घालून समोर. "त्यांना सांगायला हवं," ते म्हणत होते. "भरवशावर बसलेत बिचारे. मी फसवलं त्यांना. जाऊ द्या मला बाई, घरोघर जाऊन सांगायला हवं." काकू म्हणाल्या, "मघापासून हेच चाललंय गं. मी म्हटलं, उद्या जा, तर म्हणतात उद्यापर्यंत कुणी मेलं तर?" तिने खाली बसून त्यांचे बूट काढले. तुम्हीच म्हणायचात ना पपा, की आपण देवाला धरत नाही, तोच आपल्याला धरतो? "हो," ते म्हणाले, "पण त्याने धरलेल्यांत मी आहे कशावरून?" ते रडत नव्हते. रडले असते तर तिने डोळे पुसले असते. ते फक्त तिच्याकडे पाहत होते, आणि तिला त्यांची नजर चुकवून बुटांच्या नाड्या सोडवत बसावंसं वाटत होतं, सुटल्यानंतरसुद्धा.

त्या दिवशी जेवणाची भांडी विसळताना तिला गादी आठवली. पाण्यात उतरण्याआधी बाप्तिस्म्याचे उमेदवार घरी यायचे, दिवाणखान्यात, आणि पपा खाली गादी अंथरून त्यांना मागे पडायला शिकवायचे. छातीवर हात जुळवायचे, नाकाशी रुमाल, आणि मग मागे. बहुतेकांना जमायचं नाही. मोठमोठी माणसं अर्ध्यात लाकडासारखी ताठ व्हायची, एक पाय मागे टाकायची. "ताठ माणूस बुडत नाही आणि वरही येत नाही," पपा म्हणायचे. "मी धरलंय. अंग सैल सोडा." मग ते हाक मारायचे, "मनी, दाखव गं यांना." आणि ती, पाण्याला भिणारी मनी, खाली गादी असो नसो, त्यांच्या हातावर मागे पडायची. मानेखाली रुंद तळवा यायचा आणि ती सगळा भार त्यावर सोडून द्यायची. तिच्याइतकं छान कुणी पडत नसे. त्यामुळे पुढे झालं त्याचं कारण पाण्याची भीती नव्हती. चौदाव्या वर्षी ती पांढरा झगा घालून कुंडाच्या पायऱ्या उतरली, पुढे गेलेल्या मुली एकेक करून वर आलेल्या, ओल्या, कुडकुडणाऱ्या, आणि वर जाणाऱ्या प्रत्येकीला पपा म्हणत होते, "केस पुसून घे, सर्दी होईल." मग त्यांनी तिच्या मानेमागे हात नेला आणि तोच प्रश्न विचारला. येशू तुझा प्रभू आणि तारणारा आहे असा तुझा विश्वास आहे का? सगळ्यांनी 'आहे' म्हटलं होतं. तिनेही घरी म्हटलं होतं. पण तळवा मानेला लागला आणि तिला वाटलं, या हातावर खोटं बोलून पडता येणार नाही. "माहीत नाही," ती म्हणाली. चर्चमध्ये आवाज फार घुमतो. पपांचा हात तसाच होता. मग तो निघाला. "बरं," ते म्हणाले. "वर जा. केस पुसून घे, सर्दी होईल." तिचे केस कोरडे ठणठणीत होते. मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. पपांना सवयीने तोंडून गेलेलं कळलं आणि त्यांचा चेहरा लाल झाला. त्या गोष्टीबद्दल ते घरी कधीच बोलले नाहीत. रागावले नाहीत, समजूत घातली नाही, पुन्हा विचारलं नाही. उमेदवारांना पडून दाखवायला तिला हाक मारायचं तेवढं बंद झालं, आणि तेच तिला सगळ्यांत लागलं होतं.

पुढच्या रविवारी दुकान बंद होतं म्हणून आंघोळीची घाई नव्हती. टबावर आडव्या टाकलेल्या फळीवर पपा चड्डी घालून बसले होते आणि ती काठावर टेकून त्यांच्या खांद्यांवर कोमट पाणी सोडत होती. नदी सांगायला तिने सुरुवात केली, थंडी, धापा टाकणारे पाळक, चपलेपर्यंत आली. पपा हसले नाहीत. ते तिच्याकडे टक लावून पाहत होते, आणि त्यांची पाठ सरळ झाली होती. "तुम्ही छान सांगता," ते म्हणाले, आणि त्या 'तुम्ही'वरून तिला कळलं की ती आता मुलगी नाही, दिवाणखान्यात आलेली कुणी उमेदवार आहे. "तयारी चांगली दिसते. आता मी विचारतो त्याचं उत्तर द्यायचं. घाबरायचं नाही." आवाज तोच होता, कित्येक महिन्यांत न ऐकलेला, भरीव, मागच्या बाकापर्यंत जाणारा. त्यांनी प्रश्न विचारला. एक शब्द अडखळला नाही. अंग पुसायचा कपडा जाळीवर जाऊन बसला होता आणि टब भरत चालला होता, तिला ते दिसत होतं आणि हात हलत नव्हता. आहे म्हण, तिने स्वतःला सांगितलं. काय जातं तुझं? एक म्हातारा माणूस सकाळभर सुखात राहील. तिने तोंड उघडलं. "माहीत नाही, पपा," ती म्हणाली.

पाणी पडत राहिलं. ते विचार करत होते, खरोखर विचार करत होते, आणि चेहऱ्यावरचं ते तेज हळूहळू उतरत गेलं. खाली उरला तो बूट उलटे घातलेला माणूस. "मलाही माहीत नाही," ते म्हणाले. त्यांनी हात पुढे केला. "ये."

ती कपड्यांनिशी टबात उतरली. फळी काढून बाजूला ठेवली, पपांना सावरत खाली बसवलं, मग स्वतः बसली. हे काय चाललंय, ते घसरले तर, त्यांच्या छातीत कळ आली तर, हे सगळं तिच्या डोक्यात होतं. त्यांचा हात तिच्या मानेमागे गेला. तळवा आता रुंद नव्हता, नुसती हाडं, पण जागा तीच होती. तिने छातीवर हात जुळवले. त्यांना भार पेलणार नाही म्हणून ती एका कोपरावर टेकून राहणार होती, पण तळवा लागला आणि अंगच सैल झालं, तिला न विचारता. कानांवर पाणी आलं. मग तोंडावर. वर पपांचे ओठ हलताना दिसत होते आणि ऐकू काहीच येत नव्हतं, फक्त घुमणारं पाणी, जणू घराच्या सगळ्या नळांतून कुणीतरी एकच शब्द म्हणत होतं. मग ती वर आली. स्वतः उठली की त्यांनी उठवलं, हे तिला त्यानंतरही कधी सांगता आलं नसतं. नाकातून पाणी गळत होतं, खोकला आला, आणि खोकता खोकता तिने पाहिलं की पपांनी आपले हात छातीवर जुळवले आहेत, डोळे मिटले आहेत, आणि ते वाट पाहत आहेत.

एकदाच, धाकटे पाळक म्हणाले होते. आणि तो अधिकार तिला कुठला, तिच्या तोंडाला, जे आत्ताच माहीत नाही म्हणालं होतं. तिने त्यांच्या मानेमागे हात घातला. मान किती हलकी झाली होती. तिने त्यांना मागे झुकवलं तेव्हा ते ताठ झाले, अर्ध्यात, लाकडासारखे, आणि त्यांच्या पायाने टबाच्या टोकाला घट्ट रेटा दिला. "मी धरलंय, पपा," ती म्हणाली. "अंग सैल सोडा." पाय सुटला. मग पुढची वाक्यं म्हणायला हवी होती. ती तिला येत होती, येणारच, आयुष्यभर ऐकलेली. पित्याच्या, इतकं तिने म्हटलं. पुढचं येईना. म्हणून उरलेलं त्यांनीच म्हटलं, मिटल्या डोळ्यांनी, तिच्या हातावर पडल्या पडल्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने, आणि स्वतःच ओठ घट्ट मिटून घेतले. तिने त्यांचा चेहरा पाण्याखाली नेला. पांढरे केस क्षणभर वर तरंगले. तिने त्यांना लगेच वर आणलं, फार लगेच, पाणी पुरतं मिटलंही नसेल, आणि छातीशी धरून बसून राहिली. तिला रडू आलं. हा बाप्तिस्मा नव्हता, त्यांच्याच शिकवणीने नव्हता, आणि मग हे काय होतं हे तिला कुणाला विचारता येणार नव्हतं.

अंग पुसून, शर्टाची बटणं लावून, चष्मा चढवून तिने त्यांना टेबलाशी आणून बसवलं. दूध गरम केलं. स्वतःचे कपडे बदलले, केसांना हात लावायला सवड झाली नाही. त्यांनी कप दोन्ही हातांत धरला, दोन घोट घेतले, चेहरा शांत होता, आणि तिला वाटलं, राहू दे, देवा, असलास तर एवढं राहू दे. त्यांनी कप खाली ठेवला. भुवया जवळ आल्या. "मनी," ते म्हणाले, "माझा बाप्तिस्मा झालाय का गं?"

"हो."

"तू होतीस तिथे?"

"होते," ती म्हणाली. "मी होते तिथे."

त्यांनी चष्म्याच्या वरून तिच्याकडे पाहिलं. आता ते विचारतील, किती वर्षांची होतीस, आणि ती वाट पाहत राहिली. त्यांची नजर तिच्या कपाळावरून वर गेली आणि केसांवर थांबली. केसांतून पाणी ठिबकून टेबलावर पडत होतं.

"केस पुसून घे," ते म्हणाले. "सर्दी होईल."

तिने खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल घेतला. पुसून होईपर्यंत ते पुन्हा विचारतील हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती सावकाश पुसत राहिली.